सतरा नंबरची रेघ

रेघ गप्प बसली की आपण गप्प बसायचं नाही, असं महालिंगप्पा सरांनी शिवलीलाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि ती हसली होती. सर बोलायचेच तसे, यंत्र म्हणजे कुणाचं तरी आतल्या गाठीचं पोर असावं आणि ते सांभाळायला त्यांच्याकडं सोडलं असावं, अशा थाटात. सुपारीचं खांड एका गालातून दुसऱ्या गालात सारत ते म्हणाले होते, "हसू नको. नाचणारी रेघ परवडली. गप्प बसली की आधी बघायचं, कुठं बसलीय. वर बसलीय का खाली बसलीय. आणि आणखी एक. हे यंत्र अजून शिकतंय. ते काय म्हणालं ते माणसाला तोंडानं सांगायचं नाही. माणसाला नेहमीच्या रांगेत धाडायचं, नेहमीसारखं रक्त द्यायला." ती हो सर म्हणाली होती. वहीत लिहूनही घेतलं होतं. पुढं कधीतरी त्याच पानावर रंजूनं तांबड्या खडूनं गोल गोल गिरवून ठेवलं, आणि ते गोल इतके गोड होते की शिवलीलानं त्यांचा फोटो काढून नवऱ्याला, नंदीशला, सोलापूरला पाठवला होता. फोटोत गोलांच्या खालची अक्षरंही आली होती. ती कुणीच वाचली नव्हती.

आता सोमवारची दुपार होती, साडेबारा वाजत आलेले. धाराशिवच्या त्या भाड्याच्या दोन खोल्या, पहिला मजला, पाऊस सरल्यावर पडतं ते पिवळं जाड ऊन खिडकीतून थेट अंथरुणापर्यंत आलेलं. खाली गॅसच्या टाक्यांचा टेम्पो टाक्या आपटत चालला होता आणि त्या आवाजात रंजू पालथी झोपली होती. रंजू म्हणजे शिवरंजनी, दीड वर्षाची. झोपण्याआधी तिनं आईच्या लॅपटॉपच्या पडद्यावर थापट्या मारल्या होत्या. सासूबाईंनी, घरात त्यांना सगळे अव्वाच म्हणतात, आंघोळ झाल्या झाल्या लेकराच्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढली होती, लेकरानं ती हातानं पुसली होती, आणि तोच हात पडद्यावर. एक बोट उमटलं होतं, एवढुसं, पांढुरकं. शिवलीलानं ते ओढणीच्या टोकानं पुसलं, तर ते जाईना, पसरलं. पातळ झालं, दिसेनासं झालं, पण होतंच. पडदा उन्हाकडं कलता केला की दिसायचं. आणि त्या धुरकट जागेच्या आड, गुरुवारच्या नोंदी वर-खाली करताना सहज थांबलेली, सतरा नंबरची रेघ होती. सरळ, स्वच्छ, एकही खळगा नसलेली. तिला ती ओळखीची वाटली. राखेच्या आड तिनं ती आधी पाहिली होती. कुठं पाहिली होती ते आठवायला तिनं वरची नोंद वाचली: गुरुवार, मुरुम.

यंत्र दिसायला काहीच नव्हतं. पानाच्या डब्याएवढं. त्यात एक काचेची नळी, तिचं टोक तापवून ओढून ओढून इतकं बारीक केलेलं की त्या टोकाशी असलेल्या भोकाला भोक म्हणायचं तरी कसं. माणसाच्या एका केसाच्या जाडीत तसली हजारो भोकं शेजारी शेजारी बसली असती. अलीकडं मिठाचं पाणी, पलीकडं मिठाचं पाणी, दोन्हींत एकेक तार, आणि भोकातून अखंड वाहणारी मिठाची एक अदृश्य धार. पडद्यावरची ही रेघ त्या धारेची, धार जेवढी तेवढी ती वर. पाण्यात सोडलेले असायचे डीएनएचे धागे, सरांच्या प्रयोगशाळेत मुद्दाम बांधलेले, प्रत्येक धाग्याच्या मधोमध एक गळासारखा आकडा. आकड्यात अडकतं ते फक्त डेंगीच्या विषाणूचं एक प्रथिन, बाकी काही नाही. धागे एकेक करून भोकातून पलीकडं जातात. धागा जाताना क्षणभर वाट अडते, रेघेला बारीक खळगा पडतो. आकड्यात ते प्रथिन अडकलेलं असेल तर खळग्याच्या पोटात आणखी एक खोल खळगा. एवढंच. शिवलीलाला ते फार आवडलं होतं. लग्नाआधी एमएस्सी केलेलं, मग बाळंतपण, मग वर्षभर डोक्यात नुसत्या दुधाच्या वेळा, आणि मग एके दिवशी सरांचा फोन, "येतीस का? गावोगाव न्यायचंय यंत्र, माणूस पायजे." पहिल्यांदा ती रेघ पाहताना तिला तळ्याकाठी बसल्यासारखं झालं होतं. पाण्याखालून कुणीतरी जातंय, आपल्याला फक्त वरचे तरंग दिसतायत. निरोगी माणसाचं रक्तही गप्प नसायचं. मोकळे धागे जातच राहायचे, बारीक खळगे पडतच राहायचे, टिपटिप, टिपटिप, झोपेतल्या श्वासासारखे. तिनं हात लांब करून रंजूच्या नाकाखाली बोट धरलं. ऊबदार, ओलं. ती दिवसातून किती वेळा असं करायची याची तिलाच लाज वाटायची, म्हणून करताना ती नेहमी दुसरीकडं बघायची. आताही तिनं खिडकीबाहेर पाहिलं. गच्चीवर शेजाऱ्यांची पाण्याची टिपाडं ओळीनं उभी होती. आठ दिवसांनी नळ येतो, माणसं भरून ठेवतात, आणि त्या भरलेल्या काळ्या पाण्यात अळ्या वळवळतात. त्यांनाही एकदा नळी लावावी असं तिच्या मनात यायचं.

गुरुवारी ती मुरुमला, माहेरच्या गावी, गेली होती. शाळेच्या व्हरांड्यात दोन टेबलं मांडलेली: एक दवाखान्याचं, नेहमीच्या तपासणीचं, त्याची रांग फाटकापर्यंत, दुसरं तिचं. ज्यांना ताप येतोय त्यांनी आधी इथं एक थेंब द्यायचा, मग तिथं जायचं. सतरा नंबरला रुद्रम्मा होती. वय सत्तरच्या पुढं, एकटी राहणारी, गावभरच्या वाकळा शिवून देणारी. अंगात ताप, डोळे लाल, पण तोंड चालूच. बसल्या बसल्या तिनं आधी टेबलावरच्या कापडाची शिवण उलटून पाहिली.

"हे कुणी शिवलंय? टाके हायत का कोंबडीची पावलं?"

"विकत आणलंय आजी."

"मग बरोबर हाय." मग डब्याकडं हनुवटी उडवून, "आन् ह्ये काय करतंय?"

शिवलीलानं सांगितलं. भोक, धागा, धाग्यावरचा आकडा. तिला सांगायला आवडायचं, आणि समोरचं माणूस ऐकत असलं तर ती वाहवत जायची. रुद्रम्मानं डोळे बारीक करून सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी सुईत दोरा ओवायचाच धंदा की तुझा."

"तसंच समजा."

"दोरा गेला तर रेघ हलती."

"व्हय."

"आन् नेढंच बुजलं आसलं तर? तर गं, तंगी?"

धाकट्या बहिणीला म्हणतात तसं ती तंगी म्हणाली होती, त्या बाजूच्या कानडी माणसांच्या सवयीनं, आणि शिवलीलाला ते ऐकून माहेरचा सोपा आठवला होता, माहेरचं कानडी, आणि आणखी कायकाय. ती हसली होती. दुसऱ्यांदा. "नेढं बुजत नाही आजी, प्रत्येक माणसाला नवी नळी असते," ती म्हणाली होती. आणि ते खरंही होतं. नळी नवीच होती. नळी नवी असली म्हणजे तिच्यात काही जात नाही असं थोडंच आहे. हे आता तिला इतकं सरळ दिसत होतं की तिनं डोळे मिटले, तरी ते दिसतच राहिलं.

डोळे मिटल्यावर बोट दिसत होतं. रुद्रम्माचं डाव्या हाताचं मधलं बोट, टोकाला सुईनं वर्षानुवर्षं टोचून टोचून चाळणी झालेलं, घट्टे पडलेलं. पहिल्या टोचणीला रक्तच आलं नाही. "मला कामून भीती दावतीस, रोज धा येळा टोचती," म्हणत तिनं स्वतःच बोट दाबलं, थेंबभर आलं, ते बारीक होतं, नळीत शिरेपर्यंत सुकलं. शिवलीलानं दुसरी सुई फोडायला मान वळवली, तेवढ्यात रुद्रम्मानं कमरेची पिशवी सोडून त्यातून विभूतीची वडी काढली होती आणि सवयीनं, सुई लागली की आयुष्यभर करत आली तसं, ते बोट वडीवर घासलं होतं. शिवा शिवा म्हणून उरलेलं कपाळाला लावलं. शिवलीला वळली तेव्हा बोट पांढरं झालेलं होतं. हे तिनं पाहिलं होतं. नंतर विसरली असती तर वेगळं, पण त्या क्षणी तिनं स्वच्छ पाहिलं होतं. हातात स्पिरिटचा बोळा तयार होता. आणि तिचा हात पुढं गेला नव्हता. विभूती पुसायची नसते. लहानपणी शाळेत जाताना कपाळ पुसलं म्हणून आजोबांनी तिला दारातून माघारी बोलावलं होतं; मारलं नव्हतं, नुसतं पुन्हा लावलं होतं, तीन बोटं, सावकाश, आणि त्या सावकाशीची तिला माराहून जास्त लाज वाटली होती. आता समोर सत्तरीची बाई, तापलेली, देवाचं नाव घेऊन बसलेली, आणि आपण बोळ्यानं ती राख खरवडायची? दुसरं बोट मागता आलं असतं. साधं होतं ते. "आजी, दुसरं बोट द्या." पण दुसरं बोट मागायचं म्हणजे का ते सांगायचं, म्हणजे तुमच्या विभूतीनं माझं यंत्र बिघडतं असं तोंडानं म्हणायचं, मागं रांगेत गावातली चार माणसं उभी असताना. शिवलीलानं राखेच्या कडेकडेनं टोचलं होतं. थेंब राखेवरून ओघळला. करडा झाला. तिनं तो नळीनं ओढून घेतला. नळीच्या तोंडाशी गाळणी आहे, तिला वाटलं होतं, गाळून जाईल. त्या भोकापुढं राखेचा कण केवढा? डोळ्यांना न दिसणारा, गाळणीतूनही निसटणारा कण. भोकापुढं तो डोंगराएवढाच.

त्याच वेळी तिचा फोन थरथरत होता, टेबलावर, कागदांना घेऊन सरकत सरकत. अव्वा. "लेकराचं अंग तापल्यागत वाटतंय गं, तू किती वाजता येतीस?" तिथून पुढचं सगळं पाण्याखाली घडल्यासारखं तिला आठवत होतं. रांगेतली माणसं, घंटा, खिचडीचा वास. आणि पडद्यावर सतरा नंबरची रेघ उमटायला लागली. आधी थोडी थरथर, एक उतार, आणि मग शांतता. लांबच लांब, सपाट. सकाळपासून नाचणाऱ्या सोळा रेघा बघून शिणलेले तिचे डोळे त्या सपाटीवर जाऊन पडले, आडवे झाले. तिला बरं वाटलं होतं. त्या रेघेकडं ती मिनिटभर नुसती बघत बसली होती, सगळ्या जगात कुठंतरी एक तरी गोष्ट ठीक आहे अशी. खाली यंत्रानं लिहिलं होतं: खोल खळगे शून्य. शून्यच असणार. बारीक खळगेही शून्य होते, पण ते मोजायला यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं. ते काम तिचं होतं.

"काय निघालं?" रुद्रम्मानं विचारलं होतं.

"काही नाही आजी. एकदम स्वच्छ."

"मग ती दुसरी लाईन कशाला? पाय तुटाय लागलेत माजे."

फाटकापर्यंत गेलेली ती रांग. ऊन. म्हातारीचे सुजलेले घोटे. "राहू द्या," शिवलीला म्हणाली होती. "घरी जाऊन पडा." किती मायेनं म्हणाली होती. रुद्रम्मानं तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि त्या बोटांची थोडी राख तिच्या गालाला लागली होती, ती तिनं एसटीत बसल्यावर आरशात पाहून पुसली. घरी आली तर रंजूला साधी सर्दी. शुक्रवारी ती खेळायलाही लागली.

शांत लेकरू, गुणाचं लेकरू. रंजू तीन दिवसांची असताना सगळे हेच म्हणत होते. रडायची नाही. दूध मागायची नाही. बघायला येणाऱ्या बायका शिवलीलाच्या नशिबाचं कौतुक करायच्या, आणि ती खाटेवर उशीला टेकून बसलेली, अंगभर थकवा, त्या कौतुकात तरंगत होती. अव्वा म्हणाल्या, "नंदीशनं रातच्याला डोळ्याला डोळा लागू दिला न्हवता, ही लई समजूतदार हाय." मग एक नर्स आली, दंडावर गोंदलेली, जाडजूड, नाव कधी कळलंच नाही. तिनं बाळाला उचललं, तळपायावर टिचकी मारली. एकदा, दोनदा, जोरात. शिवलीला ओरडली होती, अहो लागेल तिला. नर्स तिच्याकडं न बघता म्हणाली, "लागू दे की. लागावं म्हणूनच मारतीया. ही शांत न्हाय बाई, ही सुस्त झालीया." मग काविळीच्या निळ्या दिव्याखाली रंजूला दोन दिवस उघडं ठेवलं होतं, डोळ्यांवर पट्टी बांधून. त्या काचेला नाक लावून बसली असताना शिवलीलानं स्वतःला काहीतरी बजावलं होतं. नेमके शब्द आता आठवत नव्हते, पण तेव्हापासूनच तिचं ते नाकाखाली बोट धरणं सुरू झालं होतं. स्वतःच्या लेकराच्या झोपेवर जिचा विश्वास नाही, तिनं दुसऱ्याच्या म्हातारीच्या शांततेवर मात्र एका मिनिटात विश्वास ठेवला.

तिनं सोळा नंबर आणि सतरा नंबर एकाखाली एक लावले. सोळाची रेघ वर होती, बारीक बारीक खळग्यांची, जिवंत. सतराची खाली, पार तळाशी. सोळाच्या पावही उंची नाही. अठराची पुन्हा वर. नवी नळी, नवं माणूस, स्वच्छ बोट. शिवलीला त्या तीन रेघांकडं पाहत राहिली. धार आटलेली होती. नेढं बुजलेलं होतं. रुद्रम्माच्या रक्तानं यंत्राला काही सांगितलंच नव्हतं. ते दाराबाहेर थांबून राहिलं होतं, आणि हिनं आतून म्हटलं होतं की कुणी आलेलं नाही.

मग ती दिवस मोजायला लागली, बोटांच्या पेरांवर, जप करणाऱ्या बाईसारखी. "परवापस्नं ताप हाय," रुद्रम्मा गुरुवारी म्हणाली होती. म्हणजे मंगळवार. बुध, गुरू, शुक्र, शनि, रवि. सोमवार, सातवा दिवस. डेंगी असेल तर ताप चौथ्या-सहाव्या दिवशी आपोआप उतरतो, अंग गार पडतं, माणसाला वाटतं सुटलो. तेव्हाच आतल्या आत नसांमधलं पाणी झिरपायला लागतं. हे तिनं परीक्षेत लिहिलं होतं, व्यवस्थित, आकृतीसकट, आठपैकी सात मार्क. कदाचित डेंगी नसेलच. साधा ताप असेल. ते तिला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत नाही याच्याच जागी तिनं नाही असं लिहून ठेवलं होतं.

नोंदवहीत रुद्रम्माच्या नावापुढं नंबर होता तो शेजाऱ्याचा, शिवपुत्र, पिठाची गिरणी. चौथ्या घंटीला त्यानं उचलला.

"रुद्रम्मा व्हय? बरी हाय की ताई. काल सांजपस्नं ताप न्हाय तिला. सकाळी डोकावलो, निजलीवती गप. म्हणलं निजू दे. तुमीच तर सांगितलावता म्हणं, काय न्हाय म्हणून. गावभर सांगत सुटलीवती, माज्या रगतात खडासुदिक न्हाय म्हणून."

"दादा, आत्ता जाऊन बघता का जरा? उठवून?"

"आता मी तामलवाडीला हाय, सोयऱ्याकडं. सांजच्याला येतो की. काय, काय झालंय का?"

निजलीवती गप. शिवलीलाला ती खोली दिसायला लागली, न पाहिलेली. निळं दार, रुद्रम्मानंच सांगितलं होतं, गिरणीच्या मागं निळं दार, वाकळ लागली तर ये. आत चिंध्यांची गाठोडी रंगांनुसार लावलेली, अर्धी शिवलेली वाकळ जमिनीवर पसरलेली, आणि तिच्यावरच बाई आडवी झालेली, एका टाक्यात सुई तशीच ठेवून. दुपारचं ऊन दाराच्या फटीतून, रेघेसारखं. कुणी हलत नाही. किती छान, किती शांत, कुणालाही वाटेल निजू दे. शिवलीलाला त्या खोलीत पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटलं, आणि वरून आवाज येत होता टाक्या आपटल्याचा, लांब, लांब, टेम्पो आता दुसऱ्या गल्लीत गेला असावा.

तिनं सरांना फोन लावला. बंद. सोमवारी परीक्षा घेतात, फोन बाहेर ठेवतात. तिनं तिन्ही रेघांचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'सर, खाली बसलीय.' मग रुग्णवाहिकेचा नंबर. तिथल्या मुलीनं नीट विचारलं, नाव, गाव, खूण, पेशंटजवळ कोण आहे. कोणी नाही, शिवलीला म्हणाली. "गाडी पाठवते मॅडम, पण रस्त्यावर कुणीतरी उभं पाहिजे. दार उघडायला, पेशंटला बोलतं करायला. कुणाला तरी सांगा." कुणाला तरी. मुरुममध्ये तिच्या ओळखीचं राहिलंच कोण होतं? माहेरची माणसं लातूरला गेलेली, सोप्याचं घर विकलेलं. पण 'आपलं मुरुम' नावाचा तो ग्रुप होता, सातशे माणसांचा. गुरुवारच्या तपासणीची जाहिरात तिनंच त्यावर टाकली होती, हसऱ्या डासाचं चित्र घालून. तिनं तो उघडला. आणि अंगठा थांबला. इथं लिहायचं म्हणजे काय लिहायचं, ते तिला कळत होतं. यंत्र चुकलं म्हणून लोक सांगतील, पुन्हा कुणी बोट पुढं करणार नाही. सरांची तीन वर्षं. आणि तिची ही नोकरी, दोन वर्षांनी मिळालेली, जिच्यासाठी ती पहाटे उठून लेकराचं दूध काढून ठेवून जायची. नुसतं 'आजींना कुणी बघून या' असंही लिहिता आलं असतं. काळजी म्हणून. कारण न सांगता. कारण नसलेल्या निरोपावर भर दुपारी कोण उठतं? दोन अंगठे येतील, फुलं येतील, जोडलेले हात येतील. तिनं स्वतः असे कितीतरी निरोप वाचून सोडून दिले होते.

"अव्वा," तिनं हाक मारली. स्वयंपाकघरातून अव्वा पदराला हात पुसत आल्या. तिनं भराभर सांगितलं, बोट, वडी, राख, रेघ. अव्वांचा चेहरा आक्रसला.

"विभूतीनं कुणाचं वाईट व्हत न्हाय लीला. तसलं बोलू नको."

"विभूतीनं नाही झालं अव्वा. मला पुसायचा धीर झाला नाही, त्यानं झालं."

अव्वांनी पडद्यावरच्या त्या रेघा पाहिल्या. मग अंथरुणावर बसून त्यांनी रंजूच्या पाठीवर तळवा ठेवला. "तू पुसली आसतीस," त्या सावकाश म्हणाल्या, "तर ती म्हातारी शिव्या घातली आसती तुला. लई घातली आसती. आन् मग दुसरं बोट दिली आसती. आमी काय एवढ्या याड्या हाव व्हय गं?" शिवलीलानं लॅपटॉप मिटला. "जा," अव्वा म्हणाल्या. "लेकराला मी बघते. आन् दर घटकेला फोन करून इचारू नको, श्वास घेतीया का म्हणून. घेतीया ती."

स्टँडवर मुरुमकडं जायची उमरग्याची गाडी लागलेली होती. तिला खिडकी मिळाली. गाडी भरत होती, सीटचं रेक्झिन तापलेलं, कंडक्टर कुणाशी तरी सुट्या पैशांवरून हसत होता. काचेवर कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा डाग होता आणि त्याच्या आड सगळं स्टँड पाण्यात बुडाल्यासारखं मऊ दिसत होतं. तिनं डाग ओढणीनं पुसला, जोरात, कोपऱ्यापर्यंत. मग फोन घेतला, आणि या वेळी अंगठा थांबला नाही.

'नमस्कार. मी शिवलीला, गुरुवारी शाळेत यंत्र घेऊन आले होते ती. वाकळा शिवणाऱ्या रुद्रम्मा आजींना मी सांगितलं की तुम्हाला काही नाही. ते मी सांगायला नको होतं. त्यांच्या बोटाची विभूती नळीत गेली, भोक बुजलं, रेघ बंद पडली, आणि बंद पडलेल्या रेघेला मी स्वच्छ म्हणाले. चूक माझी आहे. यंत्राची नाही, आजींची तर मुळीच नाही. त्यांनी मला विचारलं होतं, नेढं बुजलं असलं तर. ज्यांनी ज्यांनी माझ्या सांगण्यावरून दुसऱ्या रांगेत रक्त दिलं नसेल त्यांनी आज द्या. पण आधी हे करा. आजींचा ताप उतरलाय, म्हणून त्या बऱ्या आहेत असं धरू नका. पिठाच्या गिरणीमागं निळं दार आहे. हाक मारा. ओ आली नाही तर आत जा. हातपाय गार पडलेत का बघा, पोट दुखतंय का विचारा, हिरड्यांतून रक्त येतंय का बघा. शुद्धीवर असल्या तर घोट घोट पाणी पाजा, अंगदुखीची गोळी देऊ नका. रुग्णवाहिका निघालीय, एकानं रस्त्यावर उभं राहा. मी एसटीत आहे, मला पोचायला तीन तास लागतील, तुम्हाला तीन मिनिटं. तुम्ही म्हणजे तुम्हीच, हे आत्ता वाचताय ते. दुसरं कुणीतरी गेलं असेल असं समजून फोन खाली ठेवू नका. जा, आणि आजी काय म्हणाल्या ते मला लिहून कळवा. मला शिव्या दिल्या असतील तर त्याही लिहा. पण झोपल्या आहेत, एवढंच लिहू नका. त्यांना उठवा.'